नऊ फेऱ्यांची वाकळ

वसमतच्या कॉलेजात अमृतराव पाईकराव गणित शिकवायचे, आणि चांगलं शिकवायचे. हे पोरं सांगत. स्टाफरूम सांगत नसे. स्टाफरूममध्ये त्यांच्याविषयी एकच वाक्य चालायचं, "माणूस हुशार आहे हो!" त्या शेवटच्या 'हो'मध्ये जे नवल भरलेलं असायचं, ते सहा वर्षं ऐकून अमृतरावांचे कान किटले होते. हट्ट्याच्या बौद्धवाड्यातलं पोरगं एम.एस्सी. होऊन आलं म्हटल्यावर लोकांना नवल वाटणार, हे कबूल. पण नवलालाही काही मुदत असावी की नाही?

लोकांची तोंडं एकदाची बंद करावीत म्हणून त्यांनी लेख लिहायला घेतला. ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. शहरातल्या एका मोठ्या कॉलेजात गणिताचे विभागप्रमुख होते. त्यांना सगळे 'मोठे सर' म्हणत, आणि आपण मोठे आहोत याबद्दल खुद्द सरांनाही शंका नव्हती. अमृतरावांना पीएच.डी. करायची होती ती त्यांच्याच हाताखाली. मोठ्या सरांनी अट घातली होती, "आधी एक लेख लिहून दाखवा, पाईकराव. आपल्या त्रैमासिकात छापून आला की तुमचं नाव नोंदवून घेतो." हे त्रैमासिक गणिताचं, मराठीत निघणारं. वाचणारे दोनशे आणि त्यातले समजणारे वीस. पण आसपासच्या चार जिल्ह्यांतल्या गणिताच्या मास्तरांचं भलंबुरं त्या वीस जणांच्या हातात होतं. अमृतरावांना फार काही नको होतं. त्या त्रैमासिकात आपलं नाव असावं आणि त्या नावाखाली आपलं म्हणणं असावं, एवढंच.

विषय त्यांनी निवडला तो असा, की गणिती विगमनाची सिद्धता पहिल्यांदा कोणी दिली? नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. एखादं विधान पहिल्या पायरीवर खरं आहे एवढं दाखवायचं. मग असं दाखवायचं, की ते कुठल्याही एका पायरीवर खरं असेल तर तिच्या पुढच्या पायरीवर खरं असल्यावाचून राहत नाही. झालं काम. जिना किती पायऱ्यांचा आहे ते विचारायची गरज नाही, तो आभाळाला लागला असला तरी तुम्ही सगळा चढून मोकळे.

पुस्तकांत याचं श्रेय बहुधा फ्रान्सच्या पास्कलला दिलेलं असे. अमृतराव त्याच्या मागे खणत गेले. कॉलेजचा ग्रंथपाल धर्मसिंग राठोड हा सेनगावकडच्या तांड्यातला, स्टाफमधला त्यांचा एकुलता एक मित्र. तो मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांना पत्रं पाठवून पाठवून पुस्तकं मागवायचा आणि हातात देताना म्हणायचा, "घ्या. बाप सापडला का बघा यात."

"कुणाचा बाप?"

"तुमच्या त्या सिद्धतेचा हो! दर महिन्याला नवा बाप निघून राहिला तिचा."

खरंच तसं चाललं होतं. पास्कलच्या शंभरेक वर्षं आधी सिसिली बेटावर मावरोलिको नावाचा एक मठाधिपती होऊन गेला. एक, तीन, पाच, सात अशा विषम संख्या क्रमाने मिळवत गेलं तर बेरीज नेहमी वर्गसंख्याच येते, एक, चार, नऊ, सोळा, हे त्याने दाखवलं होतं. आणि दाखवताना हीच पायरीची युक्ती वापरली होती. त्याचं पुस्तक छापून निघालं त्याच वर्षी तो मेला. पुढे तीनशेहून जास्त वर्षं या युक्तीचं श्रेय त्याला कोणी दिलं नाही, मग विसाव्या शतकाच्या आरंभी एका इटालियन अभ्यासकाने त्याला उजेडात आणलं. त्याच्याही मागे जावं तर दक्षिण फ्रान्समधला एक यहुदी पंडित उभा, त्याच्याही मागे बगदादकडचे बीजगणिती. आणि आज जे नाव चालतं ते रूढ केलं एका इंग्रजाने, तेही एकोणिसाव्या शतकात.

"एवढ्या उशिरा बारसं गरिबाच्याच पोराचं होतं," अमृतराव धर्मसिंगला म्हणाले.

या सगळ्यात त्यांना पास्कल आवडला, तो एका ओळीपायी. त्याने एका पत्रात लिहून ठेवलं होतं, की अमुक गोष्ट मावरोलिकोमुळे सोपी जाते. बस, एक ओळ. न लिहिता चाललं असतं. मेलेला मठाधिपती काही भांडायला येणार नव्हता. अमृतरावांनी ती ओळ वहीत उतरवून घेतली आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

पण नुसती बापांची यादी दिली म्हणून लेख होत नाही. अमृतरावांना विचारायचं होतं ते निराळंच. मुळात ही युक्ती माणसाला लागली कशाला? एक ते शंभरची बेरीज करून बघितली, ती बरोबर आली, माणूस जेवायला गेला, असं का झालं नाही? ज्याला शेवट नाही त्याची खातरजमा करण्याची नड कुणाला पडली होती? या प्रश्नाचं उत्तर त्यांना एकाही पुस्तकात सापडलं नाही. सापडायची गरजही नव्हती, कारण ते त्यांना वयाच्या आठव्या वर्षापासून माहीत होतं.

त्यांची थोरली बहीण जनकाबाई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई रुक्माबाई दिवसभर दुसऱ्याच्या रानात. घर आणि अमृत दोन्ही जनकाअक्काच्या अंगावर. शाळा तिने लांबूनच पाहिली. बाजाराच्या दिवशी ती हट्ट्याच्या शिंप्याचं दुकान झाडायची आणि त्याबद्दल शिंपी तिला कातरणं द्यायचा, म्हणजे कापडाच्या उरल्यासुरल्या चिंध्या. त्यांना माप नाही, नेम नाही. कधी ओंजळभर, कधी काहीच नाही, दिवाळीच्या आधी मात्र गाठोडंभर. त्या चिंध्या जोडून ती वीतभर चौकोनी तुकडे करायची आणि तुकड्याला तुकडा जोडून वाकळ.

गावातल्या इतर बाया वाकळ शिवताना आधी लांबी-रुंदी ठरवत आणि पट्ट्या पट्ट्या जोडत. जनकाअक्काला तसं करून चालायचं नाही. तिच्या कातरणांचा भरवसा नव्हता. अर्ध्यात चिंध्या संपल्या तर हातात काय, लांबलचक पट्टी! म्हणून ती कोपऱ्यातून सुरुवात करायची. आधी एक तुकडा. मग त्याच्या दोन अंगांना मिळून तीन. मग पाच. मग सात. प्रत्येक वेळी दोनच बाजूंनी, पण ती त्याला फेरा म्हणायची. लहान अमृतने एकदा विचारलं होतं, की न मोजता दर फेऱ्याला चौकोन बराबर भरतो कसा?

"अरं, पयला तुकडा चौकोन हाये का न्हाई?" ती म्हणाली.

"हाये."

"आता मागला चौकोन भरला असंल, तर त्याच्या ह्या अंगाला तेवढेच तुकडे, त्या अंगाला तेवढेच, अन कोपऱ्यात एक. मंग पुढला भरला का न्हाई?"

"भरला."

"मंग झालं तर! मोजायचं काय काम? शिंपी देईल तवर जोडत जायचं, न्हाई देणार तितं थांबायचं. कुटंबी थांबलं तरी वाकळ पुरी."

तीन फेऱ्यांची वाकळ पाळण्यातल्या लेकराला, पाच फेऱ्यांची चालत्या पोराला, सात फेऱ्यांची वाढत्या पोराला आणि नऊ फेऱ्यांची बाप्याला. अमृत मॅट्रिक होईपर्यंत सात फेऱ्यांच्या वाकळीत झोपला, पाय बाहेर काढून. नऊ फेऱ्यांपुरत्या चिंध्या त्या घरात कधी जमल्याच नाहीत. पुढे कॉलेजात विगमन शिकवायला घेतलं तेव्हा सगळा वर्ग डोकी खाजवत होता, आणि हा एकटा पोरगा फळ्याकडे बघत डोळे पुसत होता. फळ्यावर त्याच्या बहिणीची वाकळ होती.

तेव्हा लेखाचा जीव होता तो हा. ज्याला आपलं काम कुठे थांबवावं लागेल हे ठाऊक नसतं, त्याला कुठेही थांबलं तरी पुरं ठरेल असं काहीतरी शोधावंच लागतं. ही सिद्धता अनंताच्या कौतुकातून आली नसावी, ती उद्याच्या बेभरवशातून आली असावी, असं अमृतरावांचं म्हणणं. ते असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं, निदान त्यांच्या वाचनात नव्हतं. पहिल्या कच्च्या खर्ड्यात त्यांनी सगळं लिहिलं: हट्टा, शिंप्याचं दुकान, चिंध्या, फेरे, आणि "हे मला माझी बहीण जनकाबाई हिने शिकवलं" हे वाक्यसुद्धा.

मग ते पान त्यांनी परत वाचलं, आणि या वेळी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं नाही. त्या वीस जणांच्या डोळ्यांनी वाचलं. दुकान झाडणारी बहीण. दुसऱ्यांच्या कपड्यांच्या चिंध्या. मोठ्या सरांच्या चेहऱ्यावर उमटणारं कनवाळू हसू त्यांना आत्ताच दिसलं, आणि स्टाफरूममधलं "माणूस हुशार आहे हो" कानात वाजलं. अंगावर पाल पडल्यासारखं झालं त्यांना. मग त्यांनी ते पान फाडलं, चुलीत घातलं, आणि नवीन पानावर लिहिलं: "समजा, एक गवंडी एका चौकात शहाबादी फरशी बसवत आहे आणि त्याला फरश्यांचा पुरवठा किती होईल हे माहीत नाही." बाकी सगळं तेच, फेरे तेच, कोपऱ्यातला एक तोच. जनकाबाईचा गवंडी झाला आणि चिंधीची फरशी झाली. लेख एकदम स्वच्छ दिसायला लागला. फाडलेल्या पानाच्या जाळावर त्यांच्या बायकोने, चांगुणाने, चहाचं आधण ठेवलं.

लेख मोठ्या सरांना नेऊन दिला. सरांनी वरवर चाळला आणि म्हणाले, "ठेवून जा." चार महिन्यांनी विचारलं तर म्हणाले, "संदर्भ बरे जमवलेत, पण कच्चा आहे अजून. बघतो मी." आणखी चार महिन्यांनी सर भेटलेच नाहीत. मधल्या दिवाळीत अमृतराव हट्ट्याला गेले, तेव्हा जनकाबाईने त्यांना नवी वाकळ दाखवली. नवरा वारल्यापासून ती माहेरच्या घरातच राहत होती, अजून रोजंदारीला जात होती. त्याच रोजंदारीवर तिने भावाला एम.एस्सी. केलं होतं.

"आता बाजारात तीन शिंपी झाले," ती सांगत होती. "कातरणाला तोटा न्हाई. तुला नऊ फेऱ्याची करून राहिले बग. जलमभर पाय बाहीर काढून झोपलास."

अमृतरावांना तेव्हा लेखाचं सांगावंसं वाटलं होतं. छापून आल्यावर सांगू, असं म्हणून ते उठले.

पंच्याहत्तरच्या मार्चमध्ये एके दिवशी दुपारी धर्मसिंग वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. तास संपल्यावर त्याने त्रैमासिकाचा नवा अंक पुढे केला. पहिलाच लेख: गणिती विगमनाचा उगम. त्यात पास्कल होता, मावरोलिको होता, बगदादकडचे होते, बेभरवशाचं म्हणणं शब्दाला शब्द होतं, आणि फरशी बसवणारा गवंडी होता. वर नाव मोठ्या सरांचं. अमृतरावांनी उभ्याउभ्या शेवटचं पान काढलं. तिथे आभार मानलेले होते, टंकलेखकाचे.

"एक ओळसुद्धा न्हाई," धर्मसिंग म्हणाला. "तुमच्या त्या पास्कलनं निदान एक ओळ तरी लिवली होती. सर, गप बसू नका. आमच्या तांड्याचा बैल कुनी सोडून नेला तर आमी माग काढत जातो. तुमी बी जा."

अमृतराव गेले. संपादक मंडळाला त्यांनी रीतसर पत्र लिहिलं, आणि मंडळाने रीतसर बोलावलं, रविवारी सकाळी अकरा वाजता. खोलीत तीन संपादक होते आणि मोठे सर. अध्यक्ष म्हणजे पिकल्या केसांचे गृहस्थ. त्यांनी अमृतरावांना आधी चहा दिला, मग प्रश्न विचारले. माणूस वाईट नव्हता, आणि तेच पुढे जास्त झोंबलं.

"तुमच्या लेखाची नक्कल?"

"नाही ठेवली. मूळ प्रत सरांकडेच दिली होती. टिपणांची वही आहे."

मोठ्या सरांनी ती वही उलटसुलट करून पाहिली आणि आपुलकीने म्हणाले, "ही वही मीच करायला सांगितली यांना. दोन वर्षं येऊन बसायचे माझ्याकडे. मी बोलायचो, हे टिपून घ्यायचे. संदर्भ जमवायला यांनी खूप कष्ट घेतले, ते मी अजिबात नाकारत नाही. आभारात नाव राहून गेलं, ती माझी चूक."

अध्यक्ष म्हणाले, "संदर्भ कोणीही जमवेल. या लेखाचा प्राण त्या फरशीच्या उदाहरणात आहे. तिथून पुढचं सगळं निघतं. ते ज्याचं, त्याचा लेख. सर, तुम्हाला ते कुठे सुचलं?"

"घरीच," मोठे सर म्हणाले. "आमच्या मागच्या अंगणात शहाबादी फरशी बसवायला काढली होती. गवंड्याने कोपऱ्यातून सुरुवात केली आणि अर्ध्यात माल संपला. बघत उभा होतो, तिथेच सुचलं. घर जवळच आहे, हवं तर आत्ता चला, दाखवतो."

कुणी गेलं नाही, पण तिघांनाही ते अंगण दिसलं. अमृतरावांनाही दिसलं, इतकं ते नीट सांगितलं होतं. अध्यक्ष त्यांच्याकडे वळले.

"आणि तुम्हाला, पाईकराव? तुमच्याकडे फरशी आहे?"

"नाही. सारवलेली जमीन आहे."

"मग कुठे पाहिलंत?"

"फरशी नव्हतीच ती," अमृतराव म्हणाले. "वाकळ होती. माझी बहीण चिंध्यांची वाकळ शिवते. कोपऱ्यातून. तिला चिंध्या किती मिळतील ते माहीत नसायचं, म्हणून... तिने शिकवलं मला."

मोठ्या सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. एका संपादकाने विचारलं, "मग लेखात तसं का लिहिलं नाही?"

"लिहिलं होतं. नंतर बदललं."

"का?"

याचं उत्तर अमृतरावांजवळ होतं. पण त्या चार माणसांसमोर ते द्यायचं म्हणजे अंगावरचे कपडे उतरवून टेबलावर ठेवण्यासारखं होतं. ते गप्प राहिले. जो माणूस असा गप्प राहतो तो आयत्या वेळी काहीतरी रचून सांगत होता, असंच कोणीही समजेल, आणि त्या तिघांनीही तसाच समज करून घेतला.

अध्यक्षांनी वही मिटून त्यांच्या हातात दिली. "पाईकराव, तुम्ही म्हणता ते खरं असेलही. पण ही वाकळ तुमच्या लेखात असती, तर आज आपल्याला इथे बसावंच लागलं नसतं. सरांच्या घरात शोधून तशी वाकळ निघाली नसती. फरशी काय, कोणाच्याही अंगणात निघते."

लेख मोठ्या सरांच्याच नावावर राहिला. जिना उतरताना सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. तुमच्या नोंदणीचं बघू आपण सावकाश." अमृतरावांनी तो हात झटकला नाही. पुढे कितीतरी दिवस त्यांना सगळ्यात जास्त चीड आली ती याचीच.

वसमतला जाणाऱ्या एसटीत ते बसले खरे, पण हट्टा आल्यावर उतरले. उन्हं कलायला अजून अवकाश होता. जनकाबाई ओसरीवर पाय पसरून बसली होती, मांडीवर वाकळ. सात फेरे पुरे झाले होते, आठव्याचे पंधरा तुकडे कापून शेजारी मांडून ठेवलेले होते, आणि त्यापलीकडे कातरणांचं टम्म फुगलेलं गाठोडं.

"आसा काहून आलास अवचित? तोंड उतरलंय तुजं," ती म्हणाली.

त्यांनी सांगितलं. लेख म्हणजे काय, त्यात काय होतं, मोठ्या सरांनी काय केलं, सगळं. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला. जनकाबाई सुई तशीच धरून ऐकत होती.

"म्हंजी माजी वाकळ चोरली म्हन की त्या सायबानं," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. "अन मला बोलावलं काहून न्हाईस, येड्या? काखंत वाकळ मारून आले असते मी. तुजी पाच फेऱ्याची अजून माळ्यावर हाये. पसरून दावली असती समद्यांम्होरं. म्हनले असते, कर बरं आसा एक फेरा!"

"अक्का, त्याचा उपयोग झाला नसता."

"काहून?"

अमृतराव हातातल्या वहीचे कोपरे सरळ करत बसले.

"माजं नाव लिवलं व्हतंस का त्यात?" तिने विचारलं, आणि लगेच स्वतःच म्हणाली, "न्हाई, नाव लिवलंच पायजे आसं न्हाई. मला मेलीला कोन वळखतंय! पर वाकळ, शिंप्याचं दुकान, एवढं तर आसंल."

"नाही अक्का. फरशी लिहिली. एक गवंडी फरशी बसवतो, असं लिहिलं."

"फरशी?"

तिने शेजारच्या जमिनीवर तळवा टेकला. सकाळीच सारवलेली होती, बोटांच्या रेघा अजून दिसत होत्या. "आपल्यात फरशी कुटं व्हती रं?" ती म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं.

तिथे अमृतराव कोसळले. त्या खोलीत जे तोंडून निघालं नव्हतं ते इथे निघालं. "लाज वाटली, अक्का. लोक काय म्हणतील, म्हणून बदललं. लाज वाटली मला."

जनकाबाईने सुई वाकळीत टोचून ठेवली. "कशाची?" तिने विचारलं. "चिंधीची, का माजी?"

याचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं, आणि ते खोटं ठरलं असतं. दोन्हींची, हे खरं होतं. अमृतरावांना ते म्हणवेना आणि खोटंही बोलवेना. ते जमिनीवरच्या रेघा बघत बसले. मोठ्या सरांवरचा सगळा राग अंगात तसाच होता, पण आता तो ठेवायचा कुठे हे त्यांना कळत नव्हतं. त्या माणसाने त्यांचं नाव पुसलं होतं, ते त्यांनी आधी जनकाबाईचं पुसून जागा मोकळी करून ठेवली म्हणून.

मग जनकाबाईने आठव्या फेऱ्याचे मांडलेले तुकडे एकेक करून उचलले, एकावर एक ठेवले, आणि गाठोड्यात घालून गाठोड्याला गाठ मारली. सुईत नवा दोरा ओवला आणि सातव्या फेऱ्याच्या कडेला पट्टी लावायला घेतली.

"नऊ फेऱ्यांची करणार होतीस ना?" अमृतरावांनी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "कातरणं सरली."

गाठोडं दोघांच्या मधे होतं. त्याच्याकडे तिनेही बघितलं नाही आणि त्यांनीही नाही.

"चा ठिवते," म्हणून ती उठली. चहा झाला, भाकरी खाऊन जा म्हणाली, ते नको म्हणाले. एसटीची वेळ झाली तेव्हा ती दारापर्यंत आली. "खालून लुगडं लावून टाके घालायचे राहिलेत," ती म्हणाली. "तू नगं येऊस त्याच्यासाटी. कुनाच्या बी हाती धाडून देते."

पंधरा दिवसांनी वसमतच्या बाजाराला आलेल्या गावच्या एका माणसाने वाकळ घरी आणून दिली. निरोप काही नव्हता. चांगुणाने ती खाटेवर पसरली, चारी बाजूंनी हात फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "वन्संचा हात किती नीट आहे बघा! एक तुकडा इकडचा तिकडे नाही."

अमृतरावांनी मोजायची गरज नसताना मोजली. सात आडवे, सात उभे, एकोणपन्नास. चारी कोपरे भरलेले, चौकोन बराबर. कुठलीही वाकळ असते तशी ती पुरी होती. ते खाटेवर आडवे झाले आणि चांगुणाने ती त्यांच्या अंगावर घातली, तेव्हा दोन्ही पाय बाहेर राहिले.